सोय कुणाची?

थंडीत आमच्या घरी दह्यावरून वाजतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास घुटमळायला लागला की विरजण रुसतं. रात्री दहाला लावलेलं दही सकाळी डब्यांच्या घाईत उघडावं, तर आत नुसतं आंबूस दूध. चमचा उभा करायला जावं तर तो गुपचूप बुडतो. "आज दही खायचंय का प्यायचंय?" लेक विचारते. आठवीत आहे, जिभेला हाड नाही.

सासूबाईंकडे यावर रामबाण उपाय आहे. विरजणासोबत हिरव्या मिरचीची दोन देठं दुधात सोडायची. त्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढल्या. तिथे थंडीत विरजणाचं पातेलं फडक्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत खुपसून ठेवत, आणि आत देठं असत. आता सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये कोठी नाही, गहू पाच किलोच्या पिशवीतून पिठाच्या रूपातच येतो. देठं मात्र टिकून आहेत. मी कृषी पदवीधर, गेली वीस-बावीस वर्षं एका बियाणे कंपनीत वाणांच्या चाचण्या बघते. त्यामुळे देठांचा विषय निघाला की माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटतं. ते मला दिसत नाही, पण आईंना दिसतं.

"तुझा विश्वास नाही ना? मग करून बघ की."

हे वाक्य पुण्यात माणूस सहसा वाद संपवायला म्हणतो, प्रयोग सुरू करायला नाही. मी मात्र ते मनावर घेतलं. गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी रात्री आम्ही दोघींनी एकाच पिशवीतलं दूध निम्मंनिम्मं केलं, एकाच वाटीतलं विरजण घेतलं, एकेक चमचा मोजून घातला. त्यांच्या पातेल्यात देठं, माझ्यात नाहीत. सकाळी त्यांचं दही असं की सुरीने वड्या पाडाव्यात. माझं पळपळीत. आई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं माझं पातेलं ताकासाठी बाजूला ठेवलं. त्या न बोलण्याचा आवाज दिवसभर माझ्या कानात होता.

सोमवारी ऑफिसात एका नव्या मुलाने चाचणीची आखणी तपासायला आणून दिली. कुठले वाफे उताराला, कुठले चढाला, हे बघत होते आणि मध्येच पेन थांबलं. काल रात्री पातेली कुठे होती? आईंचं नेहमीच्या जागी, फ्रीजशेजारच्या फळीवर. फ्रीजच्या त्या बाजूला हात लावला तर चांगलं ऊबदार लागतं. माझं ओट्यावर, खिडकीखाली. खिडकीची एक काच सरकवताना दोन बोटं उघडीच राहते, हे मला सात वर्षांपासून माहीत आहे. म्हणजे रात्रभर एका पातेल्याला शेक होता आणि दुसऱ्याला वारा. दही लावणारे जिवाणू ऊब मागतात, चाळिसाच्या आसपास ते खूश असतात. देठांची परीक्षा झालीच नव्हती. परीक्षा फ्रीजची झाली होती आणि फ्रीज पास झाला होता.

दुसऱ्याच्या आखणीत अशी चूक मी लांबूनही हेरते, पण स्वतःच्या ओट्यावर दिसली नाही. आणि ही चूक मी पहिल्यांदा केली नव्हती.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही चौघं विद्यार्थी कॉलेजच्या शेतावर गव्हाचा एक प्रयोग करत होतो. अ‍ॅझोटोबॅक्टर नावाचं जिवाणू संवर्धन बियाण्याला लावलं तर उत्पादन वाढतं का, एवढाच प्रश्न. काळ्या भुकटीचं पाकीट यायचं. दहा किलो बियाण्याला पाव किलो, गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बारा वाफे आखले होते, सहांत संवर्धन लावलेलं बी आणि सहांत साधं. पेरणीच्या दिवशी हात काळे, कोपरापर्यंत गुळाचा चिकटा, माशा घोंगावताहेत आणि बियाणं सुकतंय. शेड होती वरच्या अंगाला, म्हणून लावलेलं बी आम्ही जवळच्या सहा वाफ्यांत पेरलं. साधं बी मग खालच्या सहांत. डोक्यावर पाट्या घेऊन दहा वेळा कोण ये-जा करणार?

गहू ओंबीवर आला तेव्हा फरक बांधावरून दिसत होता. वरचे सहा वाफे हिरवे, भरघोस, फुटवे दाट. खालचे जरा मरगळलेले. आम्ही मनातल्या मनात अहवालाचा शेवटचा परिच्छेद लिहूनही टाकला. मग एका सकाळी सर आले. वाकून एक ओंबी चुरगळली, दाणे तळहातावर फुंकले, आणि वर बघत विचारलं, "पाट कुठून येतो?"

पाट वरच्या अंगानेच येत होता. मातीचा पाट, पाझरणारा. वरच्या वाफ्यांना पाण्याची पाळी नसतानाही ओल मिळत होती.

"हे वाफे कुणी ठरवले?"

"आम्हीच सर. सोयीने."

"सोय कुणाची?"

यापलीकडे ते काही बोलले नाहीत, रागावले तर मुळीच नाहीत. तो हंगाम वाया गेला. पुढच्या वर्षी, आमच्यानंतरच्या तुकडीने, चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवले. त्यांना काय सापडलं, ते मी कधी विचारलं नाही. जरा घाबरूनच.

त्या दोन शब्दांत प्रयोगाच्या आखणीचं निम्मं शास्त्र आहे असं मला अजून वाटतं. या शास्त्राचा जन्मही गव्हाच्याच आसपासचा. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या एका शेतात १८४३ पासून दरवर्षी गव्हाचा प्रयोग चालू आहे. १९१९ साली रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती तिथे रुजू झाला. तोवर साठलेल्या आकड्यांच्या वह्या त्याच्यापुढे आल्या आणि त्याच्या लक्षात आलं की खताचा गुण कुठला आणि जमिनीचा गुण कुठला, हे मागाहून कितीही आकडेमोड केली तरी सुटं होत नाही. सुटं व्हायचं तर पेरणीआधीच तशी सोय लागते. जमीन सगळीकडे सारखी कधीच नसते. कुठे चुनखडी, कुठे जुन्या उकिरड्याची जागा, कुठे झाडाची सावली. यातल्या दहा गोष्टी आपल्याला ठाऊक असतात, शंभर नसतात. ठाऊक असलेल्यांसाठी शेजारशेजारच्या सारख्या वाफ्यांचे गट पाडायचे. नसलेल्यांसाठी चिठ्ठ्या टाकायच्या. पाठ्यपुस्तकात याला 'यादृच्छिकीकरण' म्हणतात. हा शब्द मी आयुष्यात एकदाच, तोंडी परीक्षेत, उच्चारला आणि तोही अडखळत. शेतावर आम्ही 'रँडम' म्हणतो आणि खिशातल्या बसच्या तिकिटांचे तुकडे करून त्यावर आकडे लिहितो.

चिठ्ठीला पाट कुठून येतो ते कळत नाही, म्हणून चिठ्ठी बरी.

तर दह्याचा दुसरा प्रयोग. या वेळी दोन पातेली नाहीत, आठ वाट्या. आठ हा आकडा मी फिशरकडूनच ढापला. चहात दूध आधी घातलंय की नंतर, हे मला चवीवरून कळतं, असा दावा रोथॅमस्टेडमधल्या म्युरिएल ब्रिस्टल या शैवालांच्या अभ्यासक बाईंनी केला होता. अमृततुल्याबाहेर उभं राहून असला दावा करणारे निदान पंधरा पुणेकर मला माहीत आहेत, पण त्यांना कुणी फिशर भेटला नाही. त्याने आठ कप मांडायचे ठरवले, चार असे आणि चार तसे, क्रम चिठ्ठीने. आठांतून चार निवडायच्या पद्धती सत्तर. म्हणजे काहीही न कळता नुसत्या नशिबाने चारही बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. १९३५ साली प्रयोगांच्या आखणीवरच्या आपल्या पुस्तकात त्याने हा चहा पानंच्या पानं चघळलाय, पण बाईंना ओळखता आलं की नाही, ते त्यात लिहिलेलं नाही. आधी मला याचा राग यायचा. आता वाटतं, त्याला चहाशी काही घेणंच नव्हतं.

आमच्या आठ वाट्यांतल्या चारांत एकेक देठ. सगळ्या एकाच मोठ्या परातीत, वर एकच शाल, जागा चिठ्ठीने. दूध एकदमच तापवून, लेकीच्या थर्मामीटरने चाळीसवर आणून. आई तर्जनी बुडवून म्हणाल्या, "हं, झालं", तेव्हा थर्मामीटर एकेचाळीस दाखवत होता. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. आठ तासांनी आईंनी प्रत्येक वाटी तिरकी करून बघायची आणि सगळ्यांत घट्ट चार काढायच्या. कुठल्या वाटीत देठ आहे ते फक्त लेकीला माहीत. तिने वाट्यांच्या बुडाला आकडे चिकटवायचे, यादी आपल्या दप्तरात ठेवायची आणि सकाळी देठं काढून, वाट्या ओट्यावर मांडून दुसऱ्या खोलीत जायचं. कारण तिच्या चेहऱ्यावरून आई सगळं वाचतात. परीक्षेचे मार्कसुद्धा.

इथपर्यंत मी खूश होते. मग आईंनी विचारलं, "देठ काढलं की भोक राहील ना गं दह्यात?"

राहील की. घट्ट दह्यातून देठ उपसलं की खळगा पडणारच, आणि खळगा असलेली वाटी म्हणजे देठाची वाटी, हे आंधळ्यालाही कळेल. वीस वर्षं चाचण्या करून हे मला सुचलं नव्हतं. ज्यांच्या दाव्याची परीक्षा घ्यायची त्यांनीच माझ्या आखणीतलं भोक दाखवलं. मग उरलेल्या चार वाट्यांत दात कोरायच्या लाकडी काड्यांचे देठाएवढे तुकडे टाकले. औषधांच्या चाचणीत खोटी गोळी देतात, तशी ही आमची खोटी मिरची. वासाचं काय करायचं, तर आईंना सर्दी झाली होतीच. त्यावर मी समाधान मानलं. हे ढिलं काम झालं, मान्य.

काड्या तोडता तोडता आई म्हणाल्या, "हे तुझं नारळीकरांसारखं चाललंय."

त्यांना तो प्रयोग चांगला आठवत होता. २००८ साली पेपरात आलं होतं. आयुकाचे जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे, या चौघांनी मिळून पत्रिकांची परीक्षा घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या पत्रिका आणि शंभर बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या. सगळ्या एकत्र मिसळून, त्यांना आकडे देऊन, कुठली कुणाची ही यादी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात बंद करून ठेवलेली. भाग घेणाऱ्या ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पाठवायच्या आणि त्याने प्रत्येक पत्रिका हुशार मुलाची की दुसऱ्याची, एवढंच सांगायचं. पत्रिका ५१ जणांनी मागवल्या, उत्तरं २७ जणांनी पाठवली. सगळ्यांत चांगला निकाल चाळिसांत चोवीस. सरासरी निम्म्याच्याही खाली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ बरोबर आली.

मला यात निकालापेक्षा प्रश्नाची निवड आवडते. 'ज्योतिष खरं का?' असं विचारलं असतं तर आजतागायत चर्चा चालू असती, आणि पुण्यात तर दोन्ही बाजूंची व्याख्यानमाला झाली असती. त्यांनी असा प्रश्न शोधला की ज्याचं उत्तर कुणाच्या मतावर अवलंबून नाही आणि जो ज्योतिषांच्याच दाव्यात बसतो. चोवीसवाल्याचं कौतुक करायचं तर तेही जपून. सत्तावीस जणांनी चाळीस-चाळीस वेळा नुसतं नाणं उडवलं असतं, तरी त्यांतल्या तिघा-चौघांना चोवीस किंवा जास्त मिळाले असते. हे मी त्या रात्री कागदावर करून आईंना दाखवलं.

"पण पत्रिका अशी पोस्टाने बघतात होय?" आई म्हणाल्या. "समोर माणूस लागतो." माझ्या लग्नात माझी पत्रिका मात्र कुरिअरने मागवली होती आणि मी समोर नसतानाच ती जुळली होती. हे मी बोलले नाही. काड्या तोडायच्या राहिल्या असत्या.

झोपण्यापूर्वी मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेनने लिहिलं: 'चारही बरोबर आल्या तर देठांचा गुण खरा. नाहीतर नाही.' खाली आईंची सही घेतली. त्यांनी ती बँकेत करतात तशी पूर्ण नावाने केली.

पहाटे सहाला आई अंघोळ करून ओट्यापाशी. एकेक वाटी उचलली, खिडकीकडे धरून तिरकी केली. तिसऱ्या वाटीला दही कडेपासून अलगद सुटलं आणि पाण्याची एक रेघ बाजूने धावली. ती वाटी त्यांनी लगेच डावीकडे सरकवली. पाचवीपाशी बराच वेळ गेला. उजवीकडे, घट्ट वाट्यांत ठेवली, परत उचलली, सातवीशी ताडून पाहिली, पुन्हा उजवीकडेच ठेवली. इतक्या गंभीरपणे दह्याकडे बघणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मग लेकीने यादी आणली.

तीन बरोबर, एक चुकली. चुकली ती पाचवीच.

"बघ!" आई म्हणाल्या.

"चारही म्हटलं होतं, आई."

"चारांत तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के. डिस्टिंक्शन असतं ते."

मी पेन्सिल घेतली. नुसत्या नशिबाने चारही बरोबर यायची वाट एक. तीन बरोबर यायच्या वाटा सोळा. मिळून सत्तरात सतरा, म्हणजे जवळजवळ चारांत एकदा. देठांत काडीचाही गुण नसला तरी चारांतल्या एका घरी आजच्यासारखं 'बघ!' ऐकू आलं असतं. हे सगळं बरोबर होतं आणि सांगताना मला फार बरं वाटत होतं. फार म्हणजे जरा जास्तच.

आंघोळीच्या वेळी ते बरं वाटणं खुपायला लागलं. 'चारही' ही अट घातली कुणी? मीच. आठ वाट्या ठरवल्या कुणी? मीच, कारण परातीत तेवढ्याच बसत होत्या. समजा देठांचा गुण खरा आहे, पण बेताचा आहे. थंड रात्री थोडी मदत करतो, एवढाच. तर आठ वाट्यांत एकही चूक माफ नसलेल्या परीक्षेत तो बऱ्याचदा नापासच होणार. देठात गुण नाही असं मला दिसलं नव्हतं. मला दिसेल अशी मांडणीच मी केली नव्हती. पाटाच्या बाजूचे वाफे निवडले तेव्हा आमचा निदान आळस होता. या वेळी आखणी सगळी नियमाला धरून होती आणि तरी ती मला हव्या त्या बाजूला किंचित कललेली होती, मांडी घालून बसलेल्या माणसाचा तोल नकळत एका बाजूला असतो तशी. वरून सहीसुद्धा घेतली होती.

संध्याकाळी मी आईंना हे सांगितलं. त्यांनी अर्धं ऐकलं, अर्धं सोडून दिलं. मग म्हणाल्या, "मिरच्या तू नळाखाली धुतल्यास का?"

धुतल्या होत्या. चांगल्या चोळून.

"मी धूत नाही. नुसत्या पुसते."

माझ्यातली चाचणीवाली लगेच ताठ झाली. निकाल लागल्यावर अशी कारणं सगळेच काढतात आणि अशी कारणं ऐकत बसलं तर कुठलाच दावा कधी हरत नाही. पण देठावर जिवाणू असतील तर ते नळाखाली वाहून जातील, हेही मला आडवं येत होतं. ती सबब होती की नवं गृहीतक, हे त्यांच्या तोंडाकडे बघून ठरणार नव्हतं. ते ठरायचं तर न धुतलेल्या मिरच्यांसाठी नव्याने वाट्या मांडायला हव्यात. मी हिशोब केला. सोळा घेतल्या तर निवडायच्या पद्धती १२,८७० होतात, आणि आठांत एखादी चुकली तरी दोनशेत एकदाच नशिबाने जमेल एवढी कडक परीक्षा होते. म्हणजे आईंना एक चूक माफ करता येते.

"सोळा वाट्या दही कोण खाणार?" नवऱ्याने आतून विचारलं. आठ वाट्यांची कढी तो तिसऱ्या दिवशीही खात होता.

मग थंडी गेली. फेब्रुवारीच्या अखेरीस दही आपोआपच लागायला लागलं आणि विषय मागे पडला.

या वर्षी पहिली थंडी पडली त्या सकाळी ओट्यावर दोन वाट्या दिसल्या. दोन्ही फ्रीजशेजारच्या फळीवरून आणून ठेवलेल्या, दोन्हींच्या बुडाशी कागदाचा चिकटवलेला तुकडा, दोन्हींतल्या दह्यात मधोमध एकेक खळगा. आई गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"कुठल्यात आहे?" मी विचारलं.

"आधी तू सांग," त्या म्हणाल्या.